डोंगरवाटांवर गटाने बाईक नेताना: गोव्यातल्या एका दिवसाचा क्रम आणि नेमक्या होणाऱ्या चुका

चढावर एक बाईक अर्ध्यात बंद पडते. वरचा माणूस ती सावरायला धडपडत असतानाच खालून दुसरा रेस देत वर निघालेला असतो आणि तिसरा त्याच्या मागे. धारबांदोड्याच्या बाजूच्या एका डोंगरावर आम्ही असेच तिघे एकाच चढावर होतो. पहिली बाईक मागे घसरली आणि दुसऱ्यावर आली. माझ्या मित्राचं खांद्यापुढचं हाड मोडलं. चढ फार मोठा नव्हता, जेमतेम तीस मीटर असेल. बाईक चांगल्या होत्या, माणसं शिकलेली होती. चुकला तो क्रम.

त्यानंतर अनेक गटांबरोबर फिरताना तीच चूक वेगवेगळ्या रूपांत पाहिली. म्हणून हा लेख दिवसाच्या क्रमाने लिहिला आहे. प्रत्येक टप्पा पुढच्या टप्प्याची तयारी आहे. मधला एखादा गाळला तर त्याची किंमत चढावर मोजावी लागते.

## टप्पा १: वाट आधी पाहून या, आणि जमीन कुणाची ते विचारा

गोव्याच्या पूर्वेकडचा जवळजवळ सगळा उभा डोंगर संरक्षित आहे. सत्तरी तालुक्यात म्हादई अभयारण्य, त्याच्या दक्षिणेला भगवान महावीर अभयारण्य आणि मोले राष्ट्रीय उद्यान, मग नेत्रावळी, आणि काणकोणात खोतीगाव. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या कलम २७ प्रमाणे अभयारण्यात परवानगीशिवाय शिरता येत नाही. नकाशावर पायवाट दिसते म्हणून ती बाईकसाठी मोकळी आहे असं होत नाही. चोर्ला घाटाच्या डांबरी रस्त्यावरून जाणं वेगळं आणि त्या रस्त्यावरून खाली जंगलात उतरणाऱ्या वाटेला लागणं वेगळं. दुसऱ्या गोष्टीचा विचारही करू नका.

उरते ती डोंगराच्या पायथ्याची जमीन: काजूच्या बागायती, सडे म्हणजे जांभ्याचे सपाट माळ, गावांना जोडणाऱ्या जुन्या गाडीवाटा, कोमुनिदादची (गावकीच्या सामायिक मालकीची) मोकळी जागा, भाटकारांच्या म्हणजे जमीनदारांच्या खाजगी टेकड्या. उभे चढ इथेही पुरेसे आहेत. फक्त प्रत्येक जमिनीला कुणीतरी धनी आहे. बंद पडलेल्या खाणीची जागासुद्धा बेवारस नसते. तिथल्या मातीच्या ढिगाऱ्यांच्या कडा आतून पोकळ झालेल्या असतात, म्हणून लेखी परवानगी आणि माहितगार माणूस दोन्ही नसतील तर तिकडे फिरकू नका.

परवानगी प्रत्यक्ष जाऊन मागा. फोनवर हो म्हणणारा माणूस त्या दिवशी घरी नसतो आणि त्याचा भाऊ वाटेत उभा राहतो. सत्तरीतल्या एका आजोबांनी मला सांगितलेलं अजून लक्षात आहे: "तुम्ही आलात ते चालेल. पण गेट उघडं राहून गुरं बाहेर गेली तर ती आणायची कुणी?" त्यांची एवढीच अट होती. गेट जसं असेल तसंच मागे ठेवायचं, उघडं असेल तर उघडं, बंद असेल तर बंद.

मग दोघांनी जाऊन वाट बघून यावी. ठरलेल्या दिवसाच्या आधीच्या आठवड्यात, त्याच्या फार आधी नको. उभे भाग पायी चढा. तीन गोष्टी खास शोधा.

पहिली, चिऱ्यांच्या खाणी. सड्यावर जांभ्याचे चिरे कापून काढलेले खड्डे असतात. बाजू सुरीने कापल्यासारख्या सरळ, कठडा नाही आणि सप्टेंबरनंतर काठापर्यंत गवत. दहा फुटांवर येईपर्यंत खड्डा दिसत नाही. बाईकवरून तर नाहीच. मी एकदा पायी जाताना अशा खड्ड्याच्या काठाला टेकवलेली शिडी पाहिली आणि तिच्यामुळेच थांबलो. नाहीतर पुढचं पाऊल हवेत पडलं असतं.

दुसरी, तारा. काजूच्या बागेभोवती काटेरी तार ओढलेली असते. गंजून ती मातीच्याच रंगाची होते आणि बाईकवर बसलेल्या माणसाच्या छातीच्या उंचीला येते. नवी तार एका रात्रीत लागते. आठवडाभर आधी पाहणी करायची ती यासाठीच.

तिसरी, सुटकेची वाट. प्रत्येक मोठ्या चढाला वळसा घालून जाणारा सोपा रस्ता हवा. तो नसेल तर तो चढ गटाच्या दिवसात घेऊ नका.

देवराई वाटेत येत असेल तर वाट बदला. त्यावर चर्चा करत बसू नका.

तपासा: मिश्र अनुभवाच्या गटाला उभ्या मुलखात दिवसाला तीस-चाळीस किलोमीटर मातीची वाट पुरे. नकाशावर हे अंतर कमी वाटतं. दुपारी दोनला कमी वाटत नाही.

## टप्पा २: महिना ठरवा

जून ते सप्टेंबर नको. जांभा कोरडा असताना खरखरीत असतो आणि टायरला छान धरतो. ओला झाला आणि वर शेवाळ आलं की साबण होतो. लाल माती टायरच्या खाचांत भरली की खाचा असून नसल्यासारख्या. शिवाय ओल्या उतारावर चाकांनी पडलेली चरी पुढच्या पावसात ओहोळ होते आणि वाट कायमची वाहून जाते.

ऑक्टोबरच्या शेवटापासून जानेवारीपर्यंतचा काळ सगळ्यात चांगला. माती अजून दबलेली असते, धूळ कमी. फेब्रुवारीनंतर तीच माती पिठासारखी होते आणि कडक जांभ्यावर सुटे खडे राहतात. त्यांच्यावर चाक फिरतं ते गोळ्यांवर फिरल्यासारखं. मार्च ते मे काजूचा हंगाम. झाडाखाली पिकून पडलेली बोंडं पातेऱ्याखाली, म्हणजे गळलेल्या पानांखाली लपतात, आणि चाकाखाली चिरडलेलं बोंड तेलासारखं सरकतं. त्या दिवसांत बागेत माणसं बिया गोळा करत असतात. त्यांचं वर्षाचं उत्पन्न जमिनीवर पडलेलं असतं, तेव्हा काजूच्या बागेतली वाट या तीन महिन्यांत सोडूनच द्या.

## टप्पा ३: गट आणि कामं

सहा ते आठ बाईक. नववा आला तर दोन गट करा, दोन पुढारी, दोन वेळा. मोठ्या गटात प्रत्येक चढावर तासभर ताटकळणं होतं, थांबलेली माणसं कंटाळतात आणि कंटाळलेला माणूस पाळी नसताना निघतो.

पुढे चालणारा, म्हणजे लीडर, सगळ्यात वेगवान नको. वाट पाहून आलेल्या दोघांपैकी एक हवा. दुसरा सगळ्यात शेवटी. हा शेवटचा माणूस गटातला सगळ्यात जाणकार असावा, कारण पडलेली बाईक, तुटलेला लीव्हर, घाबरलेला नवखा हे सगळं त्याच्याच वाट्याला येतं. सगळ्यात नवा माणूस लीडरच्या लगेच मागे. त्याला शेवटी ठेवायची सवय सगळीकडे आहे आणि ती चुकीची आहे. शेवटी राहिलेला नवखा गाठायच्या घाईत पडतो, आणि त्याचं पडणं पुढे कुणाला कळत नाही.

## टप्पा ४: बाईक, आदल्या संध्याकाळी

सकाळी सहाला चेन ढिली दिसली तर उपाय करायला वेळ नसतो. म्हणून हे सगळं आदल्या दिवशी.

टायर आधी पाहा. रस्त्याचे गुळगुळीत टायर घेऊन कुणी आलं तर त्याला सोप्या वाटेच्या गटात घाला, आणि ते आदल्या दिवशीच सांगा. चेनचा ताण मॅन्युअलमध्ये दिला आहे तेवढाच ठेवा. डोंगरावर घट्ट चेन ढिल्या चेनपेक्षा लवकर दगा देते, कारण सस्पेन्शन दबलं की ती आणखी ताणली जाते. ब्रेकपॅड, स्पोक, इंजिनखालचा बॅशप्लेट, सायलेन्सरचे बोल्ट बघून घ्या. एअर फिल्टर साफ करा. फूटपेगवरचं रबर काढता येत असेल तर काढा, मातीच्या बुटाखाली ते निसटतं.

एक छोटी गोष्ट बहुतेक जण करत नाहीत. क्लच आणि ब्रेक लीव्हरचे क्लॅम्प हॅण्डलवर करकचून आवळू नका. हाताने जोर लावल्यावर जरा फिरतील इतकेच ठेवा. बाईक पडली की लीव्हर फिरतो, मोडत नाही.

टाकी तालुक्याच्या गावात पूर्ण भरून घ्या. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये दिवस काढायचा असतो, तेव्हा रस्त्यावरच्या ॲव्हरेजवर हिशेब करू नका.

गटात मिळून एक संच न्यायचा: पंक्चरचं सामान, टायर लीव्हर, हवेचा छोटा पंप, एकवीस इंची ट्यूब (पुढच्या चाकाची असली तरी अडचणीत मागच्या अठरा इंची चाकात घालून घरी येता येतं), चेनची जोडकडी, दोन्ही लीव्हर, केबल टाय, डक्ट टेप, एम-सील आणि पाच-सहा मीटरचा रुंद पट्टा. हा संच शेवटच्या माणसाकडे. लीडरकडे देऊन काही उपयोग नाही, तो पुढे गेलेला असतो.

## टप्पा ५: अंगावर काय

हेल्मेट आणि हातमोजे सगळेच घालतात. घोटा आणि गुडघा मात्र बहुतेक जण उघडे ठेवतात. डोंगरावर मार बसतो तो पायाला: बाईक हळू वेगात आडवी होते आणि पाय खाली सापडतो. खेळाचे बूट घालून आलेल्याला परत पाठवा. घोट्याच्या वर जाणारे कडक बूट, गुडघ्याचे गार्ड, पाठ आणि छाती झाकणारं कवच.

पाणी माणशी तीन लिटर, पाठीवरच्या पिशवीत. ओआरएसची पाकिटं घ्या. मी मीठ घातलेलं कोकम सरबत नेतो, थांब्यावर ते पटकन पोटात जातं. गोव्याची दमट हवा फसवते, वारा लागत असतो म्हणून किती घाम गेला ते कळत नाही. डोकं दुखायला लागलं म्हणजे उशीर झालेला असतो.

आणि गोचीड. सत्तरी तालुक्यात २०१५ पासून माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत. तो गोचिडीच्या चाव्याने होतो आणि कोरड्या महिन्यांत वाढतो, म्हणजे नेमका आपल्या हंगामात. अंगभर कपडे, मोज्यात खोचलेली पॅण्ट, किडे दूर ठेवणारं मलम. पातेऱ्यावर बसू नका, दगडावर बसा. मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता वन खात्याला कळवा.

## टप्पा ६: वाटेच्या तोंडाशी पंधरा मिनिटं

सकाळी साडेसहाला शेवटच्या गावात भाजी-पाव खाऊन वाटेच्या तोंडाशी पोहोचलात तर उभे चढ अकराच्या आत होतात. इथे घाई करू नका.

टायरची हवा कमी करा. साध्या ट्यूबच्या टायरला अठरा ते वीस पीएसआय. त्याखाली गेलात तर जांभ्याच्या धारदार कडेवर ट्यूब रिमला चिमटून फाटते, आणि रस्त्याच्या हवेवर तशीच नेलीत तर चाक खड्यांवरून उड्या मारतं. आरसे काढून पिशवीत टाका, रस्त्यावर आल्यावर परत लावा. मागचा एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक अडकू न देणारी यंत्रणा) बंद करायची सोय असेल तर उतारासाठी बंद करा.

मग सगळ्यांनी बाईक बंद करून, हेल्मेट काढून ऐकायचं. हेल्मेट घातलेल्या माणसाला अर्धंच ऐकू येतं आणि तो मान डोलावतो. सांगायचं एवढंच: क्रम, खुणा, चढाचा नियम, आणि आपण आत्ता कुठे आहोत. शेवटची गोष्ट म्हणजे गाव, वाडा (गोव्यात वाडीला वाडा म्हणतात), जवळचं देऊळ. १०८ ला फोन केल्यावर अक्षांश-रेखांश सांगून रुग्णवाहिका वाड्यावर पोहोचायला वेळ लागतो. अमुक गाव, अमुक वाडा, सातेरीच्या देवळापासून डावीकडे, हे सांगितलं की गावातलं पोरही तिला वाट दाखवतं. प्रत्येकाने हे कागदावर लिहून खिशात ठेवायचं. मोबाईलला घाटाच्या पायथ्याला रेंज नसते, तेव्हा नकाशा आधी उतरवून घ्या आणि रेंज कुठे मिळते ते पाहणीच्या दिवशी टिपून ठेवा.

तपासा: लीडरने एकेकाला विचारावं, "चढावर पुढचा अर्ध्यात थांबला तर तू काय करशील?" उत्तर एकच: "खालीच थांबेन, बाजूला." दुसरं उत्तर आलं तर पुन्हा समजावा.

## टप्पा ७: वाटेवर गट एकत्र ठेवणं

लीडरकडे बघत बसायचं नाही, मागच्यावर लक्ष ठेवायचं. प्रत्येकाची जबाबदारी आपल्या मागच्या बाईकची. वाट जिथे फुटते तिथे लीडरच्या लगेच मागचा, म्हणजे रांगेतला दुसरा माणूस थांबतो, हाताने दिशा दाखवत उभा राहतो आणि शेवटचा माणूस येईपर्यंत हलत नाही. मग तो शेवटच्याच्या पुढे लागतो. पुढच्या फाट्यावर आता जो दुसरा असेल तो थांबतो. नवखा अशा रीतीने हळूहळू मागे सरकेल. अवघड भागाआधी लीडरने थांबून त्याला परत आपल्या मागे घ्यावं.

या पद्धतीत एकच नियम मोडतो आणि सगळं फिसकटतं: फाट्यावर थांबलेल्याला वाटतं आता सगळे गेले असतील, म्हणून तो निघतो. शेवटचा माणूस डोळ्यांनी दिसल्याशिवाय निघायचं नाही. वीस मिनिटं लागली तरी.

धूळ असेल तेव्हा पुढच्याची धूळ खाली बसेपर्यंत अंतर सोडा. दिसत नसेल तर तुमच्या आणि चिरेखाणीच्या मध्ये फक्त नशीब आहे.

## टप्पा ८: चढ

इथे वेळ घालवा. चढाच्या पायथ्याशी सगळ्या बाईक एका बाजूला, चढाच्या सरळ रेषेबाहेर उभ्या करा. सुटलेली बाईक किंवा दगड सरळ खाली येतो, म्हणून रेषेबाहेर. लीडर आधी वर जातो. आणखी एक जण पायी मधल्या अवघड जागेपाशी जाऊन कडेला उभा राहतो. लीडरने वर पोहोचून बाईक माथ्यावरून निदान दहा मीटर पुढे न्यायची, परत कडेवर यायचं आणि हात सरळ वर करायचा. तो हात दिसला की पुढची बाईक निघते. एका चढावर एकच बाईक. वरचा हात दिसल्याशिवाय स्टार्टरला बोटही नाही.

आता चढणाऱ्याने काय करायचं.

वेग पायथ्याच्या सपाटीवर घ्या, चढावर तो मिळवता येत नाही. दोनशे सीसीच्या बाईकला बहुतेक वेळा दुसरा गिअर बरा. पहिल्यात मागचं चाक नुसतं फिरतं आणि खड्डा खणतं. गिअर खाली ठरवा, मध्ये बदलू नका. फूटपेगवर उभे राहा, गुडघे मोकळे, छाती हॅण्डलच्या वर. नजर पुढच्या चाकापाशी नको, दहा-पंधरा मीटर पुढे, जिथे जायचं आहे तिथे. रेस एकसारखी. चाक फिरायला लागलं तर रेस थोडी सोडा, क्लच ओढू नका. क्लच ओढला की उरलेला वेगही गेला. माथ्याच्या जरा आधी रेस कमी करा, पलीकडे काय आहे ते अजून दिसलेलं नाही. आणि माथ्यावर अगदी कडेवर थांबू नका. खूप जण आनंदात तिथेच थांबतात आणि खालून येणाऱ्याला टेकायला जागा राहत नाही.

सावध: चढणार नाही असं वाटलं तर वेग पूर्ण मरण्याआधी, बाईक ताब्यात असतानाच ठरवून थांबा. शेवटचा एक मीटर ओढून काढायच्या हट्टात बाईक मागे उलटते.

आणि बाईक पडत असेल तर पडू द्या. खालच्या बाजूला उभं राहून दीडशे-दोनशे किलो धरायला जाणारा माणूस तिच्याखाली जातो. लीव्हर चारशे रुपयांत मिळतो.

## टप्पा ९: अर्ध्यात अडकलेली बाईक उलट फिरवणं

हे आधी एखाद्या सौम्य उतारावर दहा वेळा करून पाहा. प्रत्यक्ष चढावर पहिल्यांदा करायची ही गोष्ट नाही.

बहुतेक जण थांबल्यावर पुढचा ब्रेक घट्ट धरून लटकतात. चढावर सगळं वजन मागच्या चाकावर असतं, पुढचं चाक हलकं. ते ब्रेक लागलेल्या अवस्थेतच मातीवरून मागे घसरतं. बाईक धरून ठेवतो तो गिअर.

१. इंजिन बंद, पहिला गिअर टाकलेला, क्लच सोडलेला. ब्रेक हळूच सोडून पाहा, इंजिन मागचं चाक अडवून ठेवतं. आता श्वास घ्या. बाईक कुठेही जात नाही.

२. डाव्या बाजूला उतरा. बाईक किंचित तुमच्याकडे कलती. डावा हात क्लचवर, उजवा पुढच्या ब्रेकवर.

३. हॅण्डल पूर्ण डावीकडे वळवा. क्लच अगदी थोडा ओढा: बाईक मागे सरकते. सोडा: थांबते. पुन्हा थोडा ओढा, सोडा. क्लच म्हणजे आता तुमचा मागचा ब्रेक. एका वेळी एकेक पाऊलभरच. मागचं चाक डावीकडे येतं, तोंड उजवीकडे फिरतं.

४. थोड्या वेळात बाईक उताराला आडवी होते आणि तुम्ही तिच्या वरच्या बाजूला असता. तसंच असायला हवं. खालच्या बाजूला आला असाल तर कुठेतरी उलट वळलात. थांबा, मदतनिसाला बोलवा.

५. आता हॅण्डल उजवीकडे, क्लचनेच पुढे सोडत तोंड खाली करा. मग वरच्या बाजूने बसा, ब्रेक धरून इंजिन चालू करा, पहिल्या गिअरमध्ये खाली या. वाट सरळ रेषेत रिकामी आहे का ते खालच्याला आधी विचारा.

वाट अरुंद असेल आणि वर थोडंच राहिलं असेल तर पट्टा वापरा. पुढच्या फोर्कच्या खालच्या क्लॅम्पला बांधा, दोघांनी वर कडेला उभं राहून ओढा, चढवणारा बाईकच्या शेजारून चालत हळू क्लच सोडतो. पट्टा हाताला गुंडाळू नका, आणि बाईकच्या मागे कुणी ढकलायला थांबू नये.

बाईक आडवी पडली असेल तर आधी चाकं उताराच्या खालच्या बाजूला येतील अशी ती जमिनीवरच फिरवा, मग वरच्या बाजूने उचला. चाकं वर असताना उचलणं म्हणजे दुप्पट कष्ट, आणि बाईक उभी होता होता पलीकडे जाते. फ्युएल इंजेक्शनच्या काही बाईक पडल्यावर सेन्सरने बंद होतात. चावी बंद करून पुन्हा चालू करा, लगेच स्टार्टरवर बॅटरी संपवू नका.

क्लचचा जळका वास आला की दहा-पंधरा मिनिटं थांबा. सगळ्यांनी.

## टप्पा १०: उतार

चढाइतकाच उतार धोक्याचा, पण त्यावर बोललं कमी जातं. पहिला गिअर, इंजिन चालू, क्लच पूर्ण सोडलेला. उभे राहून वजन मागे. मागचा ब्रेक हलका, पुढचा एका-दोन बोटांनी, दाबून-सोडून. पुढचा ब्रेक अजिबात वापरायचा नाही असं शिकवणारे पुष्कळ आहेत. ते ऐकून माणूस फक्त मागच्यावर भर देतो, मागचं चाक अडकतं, बाजूला जातं आणि बाईक आडवी होते. वजन पुढे आल्यामुळे खरं थांबवणारं चाक पुढचंच असतं. त्याला हळू वागवा, एवढंच.

भीतीने क्लच ओढला की इंजिनचा ब्रेक जातो आणि बाईक सुटते. नवख्यांची सगळ्यात मोठी चूक हीच. उताराआधी त्यांना सांगा: डाव्या हाताची बोटं लीव्हरवरून काढून मुठीवर ठेवा.

इथेही एका वेळी एकच बाईक. खाली पोहोचलेल्याने रेषेतून बाजूला होऊन हात वर करायचा.

## टप्पा ११: व्हाळ, म्हणजे ओढा

आधी चालत पार करा. पाणी गुडघ्याच्या वर असेल तर परत. तळाचे गोटे शेवाळलेले असतात, म्हणून बसून, पाय पाण्याला लागतील असे ठेवून, एका लयीत. मदत करणारा प्रवाहाच्या वरच्या बाजूला उभा राहील, म्हणजे पडलेली बाईक त्याच्या अंगावर वाहत येणार नाही. इंजिन पाण्यात गेलं तर स्टार्टर दाबू नका. प्लग काढून आतलं पाणी बाहेर काढल्याशिवाय नाही.

## टप्पा १२: थांबे, आग, जनावरं

थांबताना बाईक वाळलेल्या गवतावर उभी करू नका. सायलेन्सर तापलेला असतो, आणि फेब्रुवारीनंतर सड्यावरचं गवत ठिणगीचीच वाट बघत असतं. मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्यात आगी लागल्या तेव्हा हवाई दलाची आणि नौदलाची हेलिकॉप्टरं पाणी टाकायला आणावी लागली. मोकळा जांभा किंवा माती बघून तिथेच उभी करा. सिगरेट ओढणाऱ्यांना त्या दिवसापुरतं थांबायला सांगा.

गवा दिसला तर लांबच थांबा. हॉर्न नाही, रेस नाही, फोटोसाठी पुढे सरकणं नाही. त्याला जायला वाट मोकळी ठेवा. कळपात पिल्लू असेल तर मागे फिरा, वेळ गेला तरी चालेल.

दुपारी एक ते तीन चढ घेऊ नका, सावलीत बसा. दिवसभरातली पडझड मी पाहिली ती बहुतेक दोन-अडीचनंतरची, दमलेल्या हातांनी केलेली. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि दरीत त्याआधी तासभर काळोख दाटतो. चारला मातीची वाट सोडायचीच, एक सुंदर चढ उरला असला तरी.

## टप्पा १३: कुणाला लागलंच तर

सगळ्यात आधी मागून येणाऱ्यांना थांबवा. मग बाईक बंद. मग माणूस. डोक्याला किंवा मानेला मार असेल तर हेल्मेट काढू नका, श्वास अडकत असेल तरच दोघांनी मिळून, मान न हलवता. पाय मोडल्यासारखा वाटला तर बूट काढू नका, बुटासकट काठीला बांधा.

एकाने रेंजच्या जागी जाऊन १०८ किंवा ११२ ला फोन करायचा, खिशातला कागद वाचून दाखवायचा. दुसऱ्याने डांबरी रस्त्यावर जाऊन उभं राहायचं. तिसरा जखमीपाशी. इतरांनी सावली करायची आणि सूचना द्यायच्या नाहीत. सत्तरीत असाल तर वाळपईचं आरोग्य केंद्र जवळचं, गंभीर मार असेल तर पुढे बांबोळीचं गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजचं रुग्णालय. साप चावला तर चावलेला भाग हलवू नका, चिरा देऊ नका, आवळून बांधू नका. सरळ रुग्णालय.

## टप्पा १४: परत रस्त्यावर

डांबरावर चढण्याआधी सगळ्या टायरमध्ये रस्त्याची हवा भरा. अठरा पीएसआयवर घाटातल्या वळणावर बाईक डोलते. आरसे लावा, एबीएस चालू करा, ब्रेक दोनदा दाबून पाहा. चाकांना अडकलेला चिखल झाडून टाका, नाहीतर मागून येणाऱ्या स्कूटरच्या तोंडावर तो उडतो. माणसं मोजा.

घरी पोहोचल्यावर आंघोळीआधी अंगावर गोचीड शोधा: काखेत, गुडघ्यामागे, कानामागे, केसांत. चिकटलेली दिसली तर चिमट्याने त्वचेजवळ धरून सरळ ओढून काढा. कपडे गरम पाण्यात. पुढच्या आठ-दहा दिवसांत जोराचा ताप आला तर डॉक्टरांना सांगा की रानात गेलो होतो, कुठल्या गावच्या बाजूला तेही सांगा.

दुसऱ्या दिवशी बोल्ट पुन्हा आवळा, एअर फिल्टर उघडून पाहा. आणि त्याआधी, त्याच संध्याकाळी, जमिनीच्या मालकाला एक फोन: सगळे बाहेर आलो, गेट लावलं, वरच्या अंगाची तार एका ठिकाणी आधीच तुटलेली दिसली. मी तार तुटल्याचं कळवलं तेव्हा त्या आजोबांनी विचारलं, "कुठल्या काजूपाशी?" मी झाड सांगितलं. दुसऱ्या सकाळी त्यांचा मुलगा तिथे जाऊन तार जोडून आला.